भाकरीवरची प्रार्थना

मुदखेड

माय, येशूच्या नावानं तुला सलाम.

मी मजेत हाय. निजामाच्या रेल्वेत रुळाचं काम जमून राहिलंय. तुझा गुडघा कसा हाय?

प्रार्थना करूनच जेवतो, असं तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. बाकीच्या गड्यांपुढं हात जोडायची लाज वाटायची.

काल मी भाकर मोडली, तर आपल्या गावचे किशनमामा थांबले. म्हणाले, "निघताना तुझी माय डोळे मिटून देवाला बोलली, तसं बोल. मग जेवू."

सगळ्यांनी हात आवरले. मी डोळे मिटले. एक शब्द आठवंना, माय.

मी मनात बोललो असं समजून सगळे जेवले, आता रोज थांबणार म्हणतात. भाकरीवर तू काय बोलतेस, ते चर्चच्या पाळकांकडून लवकर लिहून पाठव. तवर माझ्या वाटचं बी तूच बोल.

तुझा
शांतवन