वीस तारखेच्या आत एक सही

काशीगाव,
८ जानेवारी २००४

तीर्थस्वरूप लवूमामांच्या चरणी भाचा शिवाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तब्येतीने. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? यंदा आंब्याला मोहर कितपत आहे तेही कळवा. (माझी झोप उडाली आहे, पण ते पुढे येईलच.)

तर मामा, आमच्या चाळीत सरकारी बालवाडी यावी म्हणून मी तीन महिने धावतोय. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बालवाडीत गेलो होतो, आमचं काय अडलं? काही अडलं नाही, कारण गावी पोर अंगणात सोडलं की अख्खी वाडी त्याच्यावर लक्ष ठेवायची. इथे कोण ठेवणार? शेजारची शेवंती बेव्हर्ली पार्कात चार घरची धुणीभांडी करते. तिची संजना साडेतीन वर्षांची. दहा वाजता पोरीच्या हातात बिस्किटं द्यायची, बाहेरून कडी घालायची आणि दोन वाजता उघडायची. ती खिडकीचे गज धरून येणाऱ्याजाणाऱ्याला "आई आली काय?" विचारायची. मला त्या खिडकीवरून जायची चोरी झाली होती. खाजगी नर्सरीत न्यावं, तर तिथे आधी आईबापाची इंग्रजीत मुलाखत. (शेवंती गेली होती. नाव विचारल्यावर घाबरून मालकिणीचं नाव सांगून आली.)

मी बालवाड्यांच्या सरकारी ऑफिसात अकरा पानी अर्ज दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, "एवढं कोण वाचणार? जागा दाखवा, पंचवीस मुलं दाखवा, मग शिक्षिका आणि खाऊ आम्ही देतो." जागा झाली. तुमची सूनबाई अंबिका बिनपगारी शिकवायला लागली. पण ऑफिसातल्या त्या बाई तपासणीला आल्या त्या दिवशी नेमका तीन पोरांना ताप, भरली चोवीसच. माझी पाचावर धारण बसली. आमचा निकेत दुसरीत आहे, पण अंगाने किरकोळ (आपल्याकडचंच हाड), म्हणून त्याला मागे बसवला आणि बजावलं, वय चार सांग, बाकी तोंड उघडू नकोस. वय त्याने चारच सांगितलं. मग बाईंनी प्रेमाने विचारलं, "गाणं येतं का रे बाळा?" गाणं येत नाही म्हणून त्याने तेराचा पाढा म्हटला, अगदी न चुकता. (घरी म्हण म्हटलं तर तिसऱ्या ओळीत अडतो.)

बाई थक्क झाल्या. आता वीस तारखेला त्या मोठ्या साहेबांना घेऊन येणार आहेत, हे पोर दाखवायला आणि मंजुरीचे कागद तपासायला. निकेतचं मी खरं सांगून टाकणार आहे, रागावल्या तर पाया पडेन. ताप उतरलेत, आता पोरं सत्तावीस आहेत. पण कागदांत एक कमी आहे, आणि तो नसला तर बालवाडी दुसऱ्या वॉर्डात जाईल. मग संजनाच्या दाराला परत कडी.

गुडघ्याला तेल लावत जा. आणि खालचा मजकूर बसूनच वाचा.

तुमचा,
शिवा

ता. क. : कमी असलेला कागद म्हणजे जागामालकाचं संमतिपत्र. गावी राहायला जाताना तुम्ही इथल्या खोलीची किल्ली, अधूनमधून झाडून घे, असं सांगून माझ्याकडे दिली होती. खोली रोज झाडली जाते. दोनदा. तुमच्या ऑइलपेंटच्या भिंतीवर ग, म, भ, न निघाले आहेत. ते पुसले जातात असं अंबिका म्हणते. मी अजून पुसून पाहिलेलं नाही.

ता. क. दुसरा : कागद सोबत आहे, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. संमती नसेल तर तसं कळवा, पण खोली बंद करायला तुम्ही स्वतः या. संजना हल्ली नवालाच येऊन पायरीवर बसते. तिला ऊठ म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

ता. क. तिसरा : मामींना मी फोनवर आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "उघड खोली. ह्यांनी सही नाय केली तर मीच येते पोरं सांभाळायला. ह्यांनी हितं आपला भात आपण रांधावा." तेव्हा सही करणार की भात, तेवढं उलट टपाली कळवा.