सिग्नलवरचा नयनदादा

कल्याण, रविवार

तीर्थस्वरूप रघुमामांच्या पायांवर कल्याणच्या नयनचं डोकं.

आधी विचारपूस. तुमच्या बादलचा मागचा डावा खूर बरा आहे का? शर्यतीपर्यंत त्याला पळवू नका. मालनमामींचं बीपी कसं आहे? (बैलाचं आधी विचारलं म्हणून मामींनी रागावू नये. बैलाला फोन करता येत नाही, मामींना येतो.) तुमचा गुडघा दुखतो असं आई म्हणत होती. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे आई मजेत आहे, बाबा बोलत नाहीत आणि माझं मलाच कळत नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही विचाराल. मागे मी नोकरीची बातमी तुम्हाला व्हॉइस मेसेजवर सांगितली, तो तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात, आणि नेमणूकपत्र हातात यायच्या आत मला लग्नाची स्थळं यायला लागली. कागद तसा पुढे ढकलता येत नाही. (फोटो काढूनही टाकू नका, प्लीज.)

तर ठाण्याची ती सहकारी बँक. परीक्षा मी पास झालो, मुलाखतही झाली, आणि खरं सांगतो मामा, मुलाखतीत मला कोणीही 'रघुशेठचा भाचा का रे तू' असं विचारलं नाही. जन्मापासून मानपाड्यात मी तुमचा भाचा, कल्याणात बाबांचा मुलगा. ठाण्यात पहिल्यांदाच मी नुसता नयन होतो. घरी येताना मला इतका आनंद झालेला की रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडायचंही विसरलो.

पुढे बँकेने एक फॉर्म दिला. त्यात प्रश्न: 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने कधी दंड अथवा शिक्षा केली आहे काय?' हो किंवा नाही. कर्मचारी विभागाच्या हेमांगी मॅडम फार गोड बोलतात, पण त्यांनी गोड आवाजातच सांगितलं की इथे खोटं लिहिलं आणि पुढे कधीही उघड झालं, तर अगदी मॅनेजर झाल्यावरसुद्धा घरी जाल. आणि मला तुमचा बॅनर आठवला.

तुम्ही तो विसरला असाल, कारण तुम्ही वर्षाला पुष्कळ लावता. माझ्या एकविसाव्या वाढदिवसाचा. 'युवकांचे प्रेरणास्थान, मा. श्री. नयनदादा' (तेव्हा या प्रेरणास्थानाचा अकाउंट्सचा पेपर दुसऱ्यांदा राहिलेला). फोटो दर्शनाताईच्या हळदीतला. त्यात मी हात उंचावून जनतेला अभिवादन करतोय असं वाटतं, प्रत्यक्षात मी वाढप्याकडे रस्सा मागत होतो. गॉगल तर फोटोवाल्याने नंतर चिकटवला. खाली 'शुभेच्छुक' म्हणून तुमचा फोटो, माझ्याहून मोठा. आणि हे सगळं नेमकं मानपाड्याच्या चौकातल्या सिग्नलवर, अशा बेताने की लाल दिव्याच्या जागी माझा चेहरा यावा. लोक मला बघून थांबेनात. पहिल्या दिवशी, खोटं का बोलू, मला बरं वाटलेलं. मी दोनदा उगाच त्या चौकातून जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो एका रिक्षावर चढला, पालिकेची माणसं आली, पोलीस आले आणि विनापरवाना फलक लावल्याचा गुन्हा फलकावरच्या माणसावर, म्हणजे माझ्यावर दाखल झाला.

इथून माझा गोंधळ सुरू होतो, तेव्हा सावकाश वाचा. पोलीस चौकशीला तुमच्या घरी आले, कारण बॅनरवर फोन नंबर तुमचा. मी कॉलेजात. त्यांनी आरोपीचं नाव विचारलं, तुम्ही अभिमानाने 'नयनदादा' सांगितलंत. वडिलांचं नाव विचारलं, तर तुम्ही छातीवर हात मारून म्हणालात, "मीच बाप समजा त्याचा! आपला भाचा, आपला नाका, कोनाला घाबराचा?" त्यांनी समजून घेतलं आणि तसंच लिहून घेतलं, तुमच्या आडनावासकट. पुढे कोर्टात 'नयनदादा रघुशेठ केणे' असा पुकारा झाला तेव्हा तुम्ही मला कोपराने ढोसलंत, मी उभा राहिलो, शिकवल्याप्रमाणे 'कबूल आहे' म्हणालो, तुम्ही दंड भरलात आणि आपण बाहेर येऊन मिसळ खाल्ली. मिसळ चांगली होती.

आता मी फॉर्मवर काय लिहायचं? मी घाबरून 'हो' वर खूण केली. बँकेने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो, तर हवालदार पूर्वी तुमच्या मानपाड्याला ड्युटीला होते. बघताक्षणी हसले. म्हणाले, "सिग्नलवाले दादा ना तुम्ही?" मी आनंदाने हो म्हणालो. त्यांनी कॉम्प्युटरवर नयन हरिश्चंद्र गायकर शोधला. काहीच नाही. स्वच्छ. मी म्हटलं, साहेब, नीट बघा, माझ्यावर गुन्हा आहे. ते म्हणाले, नाही आहे. मी म्हटलं, आत्ता तुम्हीच मला ओळखलंत. ते म्हणाले, मी ओळखतो, कॉम्प्युटर ओळखत नाही. आणि त्यांनी 'काहीही प्रतिकूल आढळून आले नाही' असा शिक्का मारला. (मी त्यांना थोडं तरी आढळू द्या अशी विनंती केली. त्यांनी मला पाणी दिलं.)

दाखला घेऊन ठाण्याला गेलो. हेमांगी मॅडमनी एका हातात फॉर्म धरला, दुसऱ्यात दाखला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी कीव आली. त्यांच्या मते लोक गुन्हा लपवतात, गुन्हा नसताना सांगणारा मी पहिलाच. म्हणजे एक तर मी फॉर्मवर खोटं लिहिलं, किंवा मी कोणीतरी वेगळाच आहे, आणि दोन्ही प्रकारच्या माणसांना बँक घेत नाही. दंडाची पावती दाखवली, तर तिच्यावर दुसराच माणूस, दुसराच बाप. बॅनरचा फोटोही दिला, तो त्यांनी फाइलला लावून ठेवला. शौनक वकिलांना विचारायला गेलो, ते पोट धरून हसले. म्हणाले, बाहेर सुटलेला माणूस परत आत शिरायला दार का ठोठावतोय? पण मामा, मी 'हो' लिहून बसलोय. आता 'नाही' केलं तर ते खोटं, आणि 'हो' ठेवलं तरी कागदोपत्री तेही खोटं.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पावती हातात घेतली आणि बराच वेळ वाचली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच म्हणाले, "दंड तरी मला भरू द्यायचा होता." तेव्हापासून ते गप्प आहेत. मामा, मला नोकरी जाण्याची भीती वाटते, पण या वाक्याचं वाईट जास्त वाटलं. तुम्ही प्रेमानेच केलंत, हे मला माहीत आहे, बाबांनाही माहीत आहे, म्हणून तर भांडताही येत नाही.

असो. मागणं काही नाही, सहज ख्यालीखुशाली कळवली. मामींना नमस्कार, बादलच्या पाठीवर माझ्याकडून थाप.

तुमचा (पण फक्त भाचा),
नयन

ता. क. मागणं आहे. ठाण्याला येऊन एका प्रतिज्ञापत्रावर सही करा. मजकूर शौनक वकील देतील: बॅनर तुम्ही मला न विचारता लावला, नयनदादा म्हणजे मीच, आणि तुम्ही माझे वडील नाही. तुमच्या निवडणुकीच्या तोंडावर असलं काही लिहून द्यायला मामी नको म्हणतील, पण हे नाही झालं तर माझी नोकरी गेली.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हेमांगी मॅडमचा फोन आला (रविवारी!). फाइल चेअरमनसाहेबांच्या घरी गेलेली. त्यांनी बॅनरचा फोटो पाहिला आणि विचारलं, हे खालचे मोठे गृहस्थ कोण? मॅडमनी मला विचारलं, मी सांगितलं. रस्त्यात जमीन जाऊन मोठा मोबदला मिळालेले तेच का, हेही विचारलं, मी हो म्हणालो. प्रतिज्ञापत्र नको आहे. किरकोळ गोष्टीचा बाऊ कशाला, असं चेअरमनसाहेब म्हणतात. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय, ठेवी विभागात, आणि पहिल्या दिवशी मामांना चहाला घेऊन यायचंय. मी फोन ठेवला. बाबा आज पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं, "मग नोकरी लागली कोणाला?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर तेवढं बाबांना कळवा.