साठवणं वेगळं, पाठवणं वेगळं

गुरुग्राम, बुधवार

ती. अरुणाआत्यास मानसचा साष्टांग नमस्कार (खोली लहान असल्याने खुर्चीत बसूनच).

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं असताना तू गच्चीवर मिरच्या वाळत घालतेस, हे बाबांकडून कळलं. तुला बोलणार होतो, पण सध्या मला कुणाला बोलायला तोंड राहिलेलं नाही.

तू पुण्यात कॉलेजात तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवायचीस, आणि सुट्टीत मला काळ्या पडद्यासमोर बसवून गिटच्या आज्ञा हाताने टाइप करायला लावायचीस. प्रोग्राममध्ये बदल केला की एका ओळीचं टिपण लिहून तो आपल्यापाशी नोंदवायचा, ही एक आज्ञा. मग सगळ्या ऑफिसला दिसेल असा वर चढवायचा, ही दुसरी. साठवणं वेगळं, पाठवणं वेगळं, असं तू पट्टी आपटून सांगायचीस. मधल्या वेळात माणसाला अक्कल येते, हे तुझं म्हणणं. ते खरं आहे, हे मला आता पटलं.

इथे दिवसभर ‘हां जी’, ‘चलो’, ‘बिल्कुल’ करून जीभ दमते. मराठी बोलायला कुणी नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून मी ती टिपणं मराठीत लिहायला लागलो. मानेसरच्या कारखान्यांतल्या कामगारांना बसची वेळ दाखवणारं आमचं ॲप आहे. त्यातलं ‘बस निघाली’ हे बटण आमच्या विजयालक्ष्मी मॅडमनी तीनदा हिरव्याचं निळं आणि निळ्याचं हिरवं करायला लावलं. मी टिपलं : ‘बाईंच्या हट्टापायी पुन्हा हिरवं.’ ‘कालचंच बरं होतं, पण सांगणार कोण.’ ‘खाष्ट बाई रजेवरून परतली, सबब निळं.’ पाठवण्याआधी हे सगळं बदलून सभ्य इंग्रजी लिहायचं असा माझा नेम होता, आणि काळ्या पडद्यावर तो मी दोन महिने पाळला.

मग शेजारी बसणाऱ्या तनयाने (चांगली मुलगी आहे, तिचा दोष नाही) दाखवलं की कोड लिहायच्या एडिटरमध्येच टिपणाची चौकट असते आणि खाली एक बटण. मला वाटलं, ते नुसतं साठवतं. ते दोन्ही करतं. तसं त्यावर लिहिलेलंही होतं. मी वाचलं नाही. तीन आठवडे मी साठवत होतो आणि ते पाठवत होतं.

नावावरून मॅडम दक्षिणेकडच्या असाव्यात असं मी धरून चाललो होतो. त्या निघाल्या दिल्लीतल्या तीन पिढ्यांच्या मराठी घरातल्या. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून एकेचाळीस टिपणं वाचून दाखवली, अगदी स्वल्पविरामासकट. माझी नोकरी कायम करायची की नाही, हे त्या शुक्रवारी ठरवणार आहेत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “मराठी छान आहे तुझं. कितने दिन बाद ऑफिसमध्ये ऐकलं यार.” मला रडू आलं, पण मी खोकलो.

वर गेलेलं मागाहून बदलायचं नाही, ही तुझी शिकवण आहे, म्हणून टिपणांना हात लावलेला नाही. यापुढे फक्त काळा पडदा. हे पत्रही मी आधी साठवणार, नीट वाचणार आणि मगच तुला ईमेलने पाठवणार.

तुझा (आता) आज्ञाधारक भाचा,
मानस

ता. क. : मॅडमना एकच शब्द अडला. दिल्लीत वाढल्यामुळे ‘खाष्ट’ त्यांच्या कानावर कधी पडलेला नाही. मी सांगितलं, खाष्ट म्हणजे कामाला चोख. त्या खूश झाल्या, पण खात्री करून घेणार आहेत. घरात आता विचारायला कुणी उरलं नाही म्हणाल्या, म्हणून तुझा नंबर दिला. उद्या संध्याकाळी फोन येईल. आत्या, कृपा करून चोखच सांग.

ता. क. २ (पाठवण्याआधी हे काढून टाकणे) : ‘खाष्ट’ हा शब्द मी बाबांकडून शिकलो. ते तो फक्त आत्यासाठी वापरतात, तिच्या माघारी. हे आत्याला कळता कामा नये.