अकराव्या कवितेचा कर्ता

सिद्धेश्वर,
कार्तिक अमावस्या, दुपारचे तीन.

चि. प्रतिक्षा हिला विश्वंभरमामाचे, तुझ्याच दाराबाहेरून, साष्टांग आशीर्वाद. (आशीर्वाद साष्टांग नसतात हे मला ज्ञात आहे, परंतु दाराखालच्या फटीतून पत्र सरकवणाऱ्यास अन्य आसन उपलब्ध नसते.)

उभयपक्षी क्षेम असावे. तुझी आई, म्हणजे माझी धाकटी भगिनी संगिता, सेनगावी सुखरूप असून तिने सकाळी फोनवर माझा यथाविधि उद्धार केला. "दादा, पोरगी चार दिसांपासून कोळ्यांला तराफा मागून राहिली म्हणं. काहून देलं तू तिला ते पुस्तक?" वीस वर्षे वाक्पटू म्हणून मिरवलेल्या प्राध्यापकाने नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला.

ते पुस्तक, अर्थात एतिएन व्होर्मेल या फ्रेंच कवीचा मत्कृत अनुवाद. कविता कसल्या, आज्ञाच. अमुक तिथीस अमुक करावे. वाचकाने आचरल्यावरच कविता पूर्ण. तिकडची तळी आणि बाजार आपल्या वाचकांस अपरिचित, म्हणून मी त्यांच्या जागी सिद्धेश्वरचे धरण आणि हिंगोलीचा मोंढा आणला. पहिल्या कवितेनुसार तू हळदीच्या मोंढ्यात गळ्यात आरसा बांधून उभी राहिलीस, तेव्हा मी साभिमान छायाचित्र काढले. सहाव्या कवितेपायी तुझे केस गेले. नववीपायी मोबाईल. दहावी सांगते, दार लाव, कोणासही उत्तर देऊ नकोस. म्हणून हा पत्रप्रपंच.

अकरावी आजची आहे. अमावस्या, सूर्यास्त, धरण, तराफा. परतीची ओळ तीत नाही.

कोळ्यांनी तराफे बांधून ठेवले आहेत. मागच्या दाराशी तुझी घरमालकीण जिवनबाई ठाण मांडून आहे, पुढच्या पायरीवर मी. "सर, असं किती दिस बसताल?" ती विचारते. प्रश्न मार्मिक आहे. खिडकीतून तुझी पाठ तेवढी दिसते.

तेव्हा एक क्षुल्लक साहित्यशास्त्रीय तपशील. पुस्तक छापताना मुद्रक बद्रुद्दीनभाई म्हणाले, "सर, छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा असतो. शेवटचं एक पान कोरं राहून राहिलं. बराबर दिसणार न्हाई. टाका काहीतरी." छापखान्यातल्या स्टुलावर बसून, चहा निवण्याच्या आत, मी ते पान भरले.

व्होर्मेलने दहाच कविता लिहिल्या. पुढे तो अंगरख्यांच्या गुंड्या विकत असे. एक्याऐंशीव्या वर्षी, चार नातवंडांच्या गलक्यात, अंथरुणावर वारला. प्रस्तावनेत मी हे गाळले. गुंड्यांनी प्रतिभेची शोभा जाते, असे वाटले. समीक्षकांनी नेमकी अकरावी सर्वश्रेष्ठ ठरवली. ती म्हणून दाखवून तू पारितोषिक मिळवलेस, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. सहा वर्षे झाली, खरा कर्ता मी कोणासही सांगितला नाही. दहावी कविता माझ्याइतक्या निष्ठेने कोणीच आचरली नसेल.

भ्यालो की मला विनोद सुचतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आज फार सुचत आहेत.

लेकरा, ती कविता नाही. कोरे राहू नये म्हणून भरलेले पान आहे.

या पत्राचे पहिले पान मी अर्ध्या तासापूर्वी आत सरकवले. त्याचा कोपरा अजून बाहेरच आहे. पायरीवरचे ऊन उतरले. आता हे दुसरे सरकवतो. दार नको उघडूस, उत्तरही नको. कागद तेवढा आत ओढ.

अकराव्या कवितेचा एकमेव कर्ता,
तुझा मामा