भैरवीने वळलेल्या वाती

चि. सौ. शीला,

कोणत्याही मुलाच्या हातचे पहिले काम वाकडेच होत असते. त्यावरून त्याची शाळा वाईट ठरवणे न्यायाचे नव्हे. काल भैरवीने शाळेत वळलेल्या वाती लावल्या आणि आरतीच्या मध्येच समई विझली. "कापूस वळायला शिकवते, ती कसली शाळा!" असे म्हणून तू आज तिचा दाखला काढायचे ठरवलेस. ती मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबा, वात सैल झालती. उद्या घट्ट वळीन, तुम्ही पाहजा." तिची चूक तिला कोणी दाखवली नव्हती.

आज सकाळच्या जीपने मीच तिला दारव्ह्याच्या शाळेत नेत आहे. तू दाखल्यासाठी येशील, तेव्हा आधी तासभर तिच्याजवळ बस. मुले अंगणातल्या पऱ्हाटीचा कापूस वेचून सरकी कशी काढतात, ते पाहा. त्यानंतर तू ठरवशील ते मला मान्य असेल. वाद घालण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही.

वरण झाकून ठेवले आहे; उपाशी निघू नकोस. इंग्रजीत ती मागे पडेल, ही तुझी काळजी खोटी नाही, हे मी जाणतो. तुम्हा मायलेकींचे कल्याण असो.

— आबा