लाडूला आग्रह चालत नाही

आमगाव,
मार्गशीर्षातला गुरुवार

सौ. अनुसयाबाई विहीणबाईंना सुखवंताचा मनापासून नमस्कार. (एरवी आपण एकमेकींना समधनच म्हणतो, पण कागदावर विहीणबाई बरं दिसतं.) सालेकसाला जंगलाची थंडी, आमच्यापेक्षा जास्तच, म्हणून आधी तुमचा उजवा गुडघा विचारते आणि व्याहींचा खोकला नंतर. तुमचा गुडघा दुखला तरी तुम्ही बोलत नाही, आणि व्याहींना खोकला कसा आहे विचारलं की त्यांना लगेच खोकला येतो, हे मी लग्नातच पाहून ठेवलं आहे. धान घरी आलं असेल. आमचंही आलं. मी बरी आहे. वेळेवर जेवते. हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधी लिहून टाकलं.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हा लाडू कोण?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर असतो, आणि ही गोष्ट व्याहींनी, तुमच्या सुनेनं आणि दारात उभ्या असलेल्या भाजीवाल्यानं एकदम ऐकण्यासारखी नाही. म्हणून पत्र लिहिते. शिवाय मला लिहायला आवडतं. तुम्हाला ठाऊक आहे, माझी शाळा नावापुरती झाली. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. आमच्या टिकेशचे बाबूजी साखर आणायचे, मी साखर डब्यात ओतायची आणि पुडा उलगडून वाचत बसायची. त्या काळात माझी प्रत्येक गोष्ट जिथे कागद फाटला तिथे संपायची. (एका खुनाचा उलगडा मला अजून झालेला नाही.) पुढे त्यांनी मला वाचनालयात नाव घालून दिलं, तेव्हापासून मी गोष्टी शेवटापर्यंत वाचते. तुम्हीही हे पत्र शेवटापर्यंत वाचा. मध्येच गॅसकडे जाऊ नका.

तर आधी खुलासा. तुम्ही आजी झालेल्या नाहीत. मीही नाही. लाडू हा साप आहे, आणि तो तुमच्या मुलीचा आहे.

बसा. पाणी प्या. तो विषारी नाही. अजगराच्या कुळातला, पण परदेशी आणि बुटका; बॉल पायथन म्हणतात. सध्या तो पोर आहे, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल इतकाच. अंगावर तपकिरी आणि पिवळसर नक्षी, जणू कुणी फुरसतीत काढलेली. घाबरला की फुत्कारत नाही, चावत नाही, पळत नाही. डोकं मधे घेऊन अंगाचा गोळा करतो आणि जग जाईपर्यंत तसाच बसतो. म्हणून सोनिकाने नाव ठेवलं लाडू. त्याचे नोंदणीचे सरकारी कागदही तिने केले आहेत. (टिकेशच्या जन्माचा दाखला काढायला आम्हाला तो शाळेत जाईपर्यंत वेळ लागला होता.) नागपूरला त्यांच्या घरमालकिणीला लाडू दिसला आणि ती म्हणाली, एक तर हा राहील नाहीतर मी. घर तिचंच होतं, तेव्हा लाडू माझ्याकडे आला. आता त्यांना दुसरं घर मिळालं आहे, मालकाला साप चालतो. पण लाडूने इथे आल्यापासून खाणं सोडलं, आणि उपाशी पोराला परत हलवायचं नाही असं सोनिकाचं म्हणणं. खायला लागला, अंग धरलं, की घेऊन जाणार, असं ठरलं.

आता गावात काय झालं ते ऐका. मी अंगणात उभी राहून सोनिकाला फोनवर सांगत होते, लाडू अजून काही खात नाही गं, समोर धरलं की तोंड फिरवतो. भिंतीपलीकडे सुमित्राबाई वड्या घालत होत्या. दुपारपर्यंत आमच्या ओसरीवर बायका.

"काऊन वो सुखवंताबाई, नातू आला अन् आमाले सांगतलंच नाही?"

मी म्हटलं, झोपला आहे. (खोटं नव्हतं. तो दिवसभर झोपतो.) सुमित्राबाईंनी पिवळं झबलंसुद्धा आणलं होतं, स्वतः शिवलेलं. मग लेकराची माय कुठे म्हणून विचारणं झालं. मी म्हटलं, नागपूरला, ऑफिसात. तशा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "असं लहानसं लेकरू टाकून?" हे काही मला सहन झालं नाही. माझं काय वाटेल ते म्हणा, पण माझ्या सुनेला नाव ठेवलेलं मला चालत नाही. मी उठले आणि लाडूच्या पेटीवरचं कापड काढलं. दोघी ओसरीवरून थेट रस्त्यात गेल्या. सुमित्राबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. वाकून पुष्कळ वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "कोनावर गेला वो हा?"

(मी व्याहींचं नाव घेतलं नाही. शपथ.)

दुसऱ्या दिवसापासून दूध यायला लागलं. साप दूध पीत नाही, हे मी वाचनालयातल्या पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवलं, पण आपल्याकडे सापाला दूध सांगायचं आणि बाळंतिणीला डिंक, यात पुस्तकाचं कोण ऐकतं. फुकट कशाला घालवायचं म्हणून मी त्याचा चहा केला, आणि ज्यांनी दूध आणलं त्यांनीच बसून तो प्यायला. असा चहा आमच्या ओसरीवर बऱ्याच दिवसांनी झाला. मग कुणीतरी उठवलं की सुखवंताबाईंकडे दुतोंड्या साप आहे, म्हणजे मांडूळ, पाळायला बंदी असलेला. लगेच जंगलखात्याचा माणूस आला. कागद नीट वाचले, लाडूला दुरून पाहिलं, खातो का म्हणून विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. दुधाचं नाव न काढणारा तो पहिला माणूस. त्यालाही मी चहा दिला.

लाडूचं खाणं म्हणजे उंदराची पिल्लं, बर्फात गोठवलेली. ती माझ्या फ्रिजमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात असतात. मी जन्मात अंडं फोडलेलं नाही, पण सवय होते. सुमित्राबाईंच्या यजमानांना, भैय्यालालजींना, नव्हती. पाय मुरगळला म्हणून ते बर्फ मागायला आले, मी आत हात धूत होते, म्हटलं घ्या तुम्हीच. त्यांनी नेमका तो डबा उघडला. मी बाहेर आले तेव्हा ते झाकण लावत होते, इतकं हळू, जणू आत कुणी झोपलं आहे. म्हणाले, पाय बरा वाटतो. आणि खरंच, न लंगडता घरी गेले.

पण हसण्याच्या खाली काळजी होती, विहीणबाई. लाडू बारीक होत चालला. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. मी आपल्या रीतीने सगळं केलं. आपली रीत म्हणजे आग्रह. टिकेशच्या लग्नात तुमच्या लोकांनी माझ्या भावाला इतकं वाढलं की तो मांडवाच्या खांबाला धरून उठला. तशी माणसं आपण. मी उंदीर कोमट पाण्यात ठेवून ऊन करायची, चिमट्यात धरायची आणि समोर बसायची. घे रे राजा. एकच घे. ओसरीवरच्या बायकाही येऊन म्हणायच्या, घे ना बाबू. आणि तो सगळ्यांकडे एकवार बघून लाडू व्हायचा. खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटायला लागलं. आपल्या पंगतीत आजवर इतकं सभ्यपणे आणि इतकं पक्कं "नको" मी कुणाचं ऐकलेलं नाही.

सोनिका रोज संध्याकाळी फोन करायची. तिचा जीव त्याच्यात अडकलेला, आवाजातून कळायचं, पण एकदाही म्हणाली नाही की आई, तुमचं चुकतं. एवढंच म्हणायची, "आई, त्याच्याकडे बघू नका. झाका, ऊब द्या, ठेवा अन् जा." मी हो म्हणायची आणि पुन्हा समोर जाऊन बसायची. ताट वाढायचं आणि निघून जायचं, हे हाताला येईचना. अपमान केल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी तुमची आठवण झाली.

टिकेशचे बाबूजी गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो येई तो डबा घेऊन येई, आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून समोर बसे. दोन घास खा बाई. त्यांच्यासाठी खा. पोरासाठी खा. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. माणसं चांगली होती, पण घास आत जायचा नाही, गालातच राहायचा. तुम्ही सालेकसाहून आलात, माझ्याजवळ बसलासुद्धा नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेलात, डबा कोपऱ्यात टोपल्याखाली झाकून ठेवलात, आणि अंगणात येऊन, घराकडे पाठ करून, आमचेच तांदूळ निवडायला घेतलेत. कुणाला काही सांगितलं नाहीत. मी पाणी प्यायला आत गेले. टोपलं उचललं. भात होता आणि लाखोरीची डाळ, अजून ऊन. मी उभ्यानेच खाल्लं, सगळं. तुम्ही रिकामा डबा धुऊन पिशवीत घातलात आणि त्याबद्दल तेव्हाही बोलला नाहीत, नंतरही नाही. मीही नाही. आज लिहिते आहे.

तर त्या दिवशी मी ओसरी रिकामी केली. लाडूला मोठ्या पेटीतून लहान डब्यात घेतलं, कारण मोकळ्या जागेत त्याला भीती वाटते, असं सोनिका पहिल्यापासून सांगत होती. खाली टिकेशच्या बाबूजींची गरम पाण्याची पिशवी ठेवली, त्यांच्या दुखण्यातली. (ती फेकवत नव्हती आणि वापरवतही नव्हती. आता कामाला लागली.) आत फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा घातला, त्याच्या तोंडाशी ऊन केलेला उंदीर ठेवला, वरून टोपलं झाकलं, आणि अंगणात येऊन पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसले. तांदूळ निवडलेलेच होते. पुन्हा निवडले. मागे वळून पाहिलं नाही. किती जड जातं हे, तुम्हाला माहीत असणार.

सकाळी टोपलं उचललं. उंदीर नव्हता. लाडू पहिल्यांदाच लाडू नव्हता; ऐसपैस लांब पडला होता, पोटात मधोमध फुगवटा, पंगतीतून उठून सावलीत आडवा झालेल्या पाहुण्यासारखा. मी एकटीने टाळी वाजवली. मग तो बिचकेल म्हणून गप्प झाले आणि सांगायला मागे वळले. वळायची सवय अजून गेलेली नाही. टिकेशच्या बाबूजींच्या कॉटवर कुणी नव्हतं. तरी सांगितलं, हळूच.

तेव्हापासून तो नेमाने खातो. अंगावर तजेला आला आहे. संध्याकाळी मी वाचायला बसले की मडक्यातून डोकं काढतो, जीभ हलवतो आणि ऐकल्यासारखं करतो. सापाला आपल्यासारखे कान नसतात, हेही मी पुस्तकात वाचलं आहे. पण टिकेशचे बाबूजीही मी वाचायला लागले की डोळे मिटायचे, तेव्हा त्याचं मला काही वाटत नाही.

तुमच्या मुलीबद्दल एवढंच लिहिते, की अशी जिवाला जपणारी आणि दुसऱ्याला न टोचणारी पोर माझ्या घरी आली, हे तुमचे उपकार. गुडघ्याला शेक द्या. व्याहींना नमस्कार, पण खोकला विचारला म्हणून सांगू नका.

तुमची,
सुखवंता

ता. क. गॅसकडे गेला असाल तर परत या, खरं काम आता आहे. लाडू खातो, हे सोनिकाला सांगू नका. मी तिला सांगते आहे की अजून तोंड फिरवतो. (खोटं नाही. खाऊन झालं की फिरवतो.) कळलं की ती त्याला नेईल, आणि न्यायलाच हवं, तिचाच आहे. पण संध्याकाळी घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. होळीपर्यंत राहिला तर बरं, थंडीत प्रवास नको, असं मी म्हणेन. तुम्ही मान हलवा. फोनवर तुम्हाला काही लपवता येत नाही, म्हणून तर पत्र. वाचून चुलीत घाला. आणि एक अडचण आहे: उंदीर संपत आले. न खाणाऱ्या सापासाठी आणखी उंदीर कोणत्या तोंडाने मागू? तुम्ही शहाण्या आहात, काही सुचवा.

ता. क. दुसरा, रविवारी. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज टिकेश आला, थर्माकोलचा डबा घेऊन. आत उंदीर, एक माप मोठे. मी मागितले नव्हते. मोठं माप चांगल्या खात्या सापालाच देतात, हे तिनेच मला शिकवलं आहे. टिकेश म्हणाला, "सोनिकानं देल्ले. म्हणे, आईले काही विचारू नको." मग त्याने लाडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बारीकच आहे अजून" म्हणाला, पोटभर जेवला आणि गाडीला गेला. डबा ठेवून पाठ कशी फिरवायची, हे ती कुणाकडून शिकली ते मी विचारत नाही. तरी वर लिहिलेलं पाळाच. तिला कळलं आहे हे मला कळलं आहे, एवढं तिला कळू देऊ नका.

ता. क. शेवटचा. ते पिवळं झबलं सुमित्राबाई परत घेत नाहीत. म्हणतात, राहू द्या. मी ते टोपल्याखाली झाकून ठेवलं आहे आणि पाठ फिरवून बसले आहे. तुम्हीही तिकडे बघू नका.