बायकांचा रोग म्हणून तू सुटलास काय

चिरंजीव रावसाहेब यास मोठ्या बहिणीचा जय भीम आणि आशीर्वाद.

मी मीराबाई, दिल्लीतल्या द्वारकेहून. ओळख सांगावी लागते, कारण मागच्या महिन्यात तू माझ्याच घरी फोन करून मीराबाईचा नंबर मागितलास. माझ्या भावजयीची, सरलाची, कंबर कशी आहे? जिना चढताना तुझा दम अजून तसाच लागतो का? लिहायला आपली लुंबिनी बसली आहे (नात माझी, पण मी सांगते त्यातलं निम्मं गाळते, हे गाळू नको गं).

तुला फोनवर सांगितलं, माझ्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होऊन तिथला दाब वाढलाय. रोग दुर्मिळ, पण आपल्या रक्तात उतरलेला निघाला, म्हणून भावंडांनीही हृदयाची इको तपासणी करावी. बायकांना जास्त होतो, एवढं ऐकलंस आणि फोन ठेवलास. वर अमोलकडून निरोप, की बाबांनी तपासणी रद्द केली, बायकांच्या रोगाशी त्यांचं काय काम. माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. म्हणून ही चिठ्ठी. सरला ती मोठ्यानं वाचेल, तिला बजावून ठेवलंय.

लुंबिनी प्रयोगशाळेत याच रोगावर काम करते. तिचं म्हणणं असं, की रक्तवाहिनीतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, वाढा, आता थांबा. या रोगात थांबायचा निरोप क्षीण पडतो, नळी आतून बुजते आणि हृदय रेटून रेटून दमतं. बाईच्या अंगातलं संप्रेरक या निरोपांत लुडबुड करतं (हा शब्द माझा), पण तेच बहुधा हृदयाला आधारही देतं. पुरुषाला रोग कमी गाठतो, गाठला तर हृदय लवकर थकतं. का, ते अजून पुरतं उमगलेलं नाही. उमगणार कसं? कित्येक वर्षं शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत पेशी वाढवल्या, पण बाईच्या की बुवाच्या, ते बऱ्याच जणांनी लिहिलंच नाही म्हणे. अरे, लग्नात पाणी वाटणारासुद्धा विचारतो, मुलीकडचे की मुलाकडचे.

परवा दवाखान्यात मला सहा मिनिटं चालायला लावलं. किती अंतर जाते ते मोजतात. अर्ध्या व्हरांड्यात कुणीतरी मराठीत खोकलं (खोकला मराठी नसतो म्हणते ही, नंतर ‘आई गं’ म्हणाला तो). दिल्लीत मराठी माणूस दिसला आणि गाव विचारलं नाही, असं होईल का? दीनानाथ, अमरावतीचे. त्यांचा जावई आमच्या सुनेच्या माहेरचा निघेपर्यंत वेळ संपली. डॉक्टर घाबरले, अम्माजी एकदम इतक्या खालावल्या कशा. लुंबिनीनं कपाळावर हात मारला. पुन्हा चालले, तेव्हा बिल्कुल ठीक निघाले.

दीनानाथ मात्र चाललेच नाहीत. माझ्याहून वयानं लहान, नाकात नळी. दोन वर्षं वयाचा दम म्हणून काढली, रावसाहेब. तुझीही तीच बोली आहे. मी तुला तसं बसू देणार नाही.

तुझी बहीण,
मीराबाई (अंगठा)

ता.क. शनिवारचं तुझं तिकीट काढलंय, सोमवारी इको. विचारलेलं नाही, कळवलेलं आहे.

ता.क. दुसरा. लुंबिनीला पुरुष पेशंट मिळत नाहीत. रोग निघाला तर तिला रक्ताची एक नळी दे, नाही निघाला तरी दे. तेवढा तरी उपयोगी पड.

ता.क. तिसरा. डॉक्टरांनी माझं मीठ तोडलंय. सरलाला म्हणावं, बिनमिठाचे सांडगे आणि भिवापुरी मिरची पाठव. कुरिअरनं आलेलं परत करीन, तूच घेऊन ये.